संगणक प्रक्रियकांच्या पिढ्या व नामकरण पद्धती : मुळशी तालुक्यातील संगणक खरेदीच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणक खरेदी करताना 'आय३', 'आय५', 'आय७' या नावांवरून त्याची योग्यता ठरविण्याची प्रथा सर्वत्र रूढ झाली आहे. वास्तविक ही नावे प्रक्रियकाचा त्याच्या स्वतःच्या पिढीतील दर्जा सांगतात. पिढी सांगत नाहीत. पिढी ही नावापुढील अंकांत दडलेली असते. प्रस्तुत लेखात प्रक्रियकांच्या नामकरणाचा इतिहास, नाव वाचण्याची रीत, त्यातील अपवाद आणि पुण्यातील 'परम' महासंगणक मालिकेचे उदाहरण यांचा परामर्श घेतला आहे. शाळा, महाविद्यालये व ग्रामपंचायती यांच्या खरेदी प्रक्रियेत पिढीचा उल्लेख नसल्यास किमान दराचा नियमच जुन्या संगणकाची निवड कशी करतो, हेही येथे स्पष्ट केले आहे.

बीज संज्ञा : प्रक्रियक, पिढी, नामकरण पद्धती, तांत्रिक विनिर्देश, जडसंग्रह नोंदवही

१. प्रस्तावना

आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग म्हणून ओळखले जाते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या युगाची दोन रूपे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क असून तेथे देशातील अग्रगण्य सॉफ्टवेअर कंपन्या कार्यरत आहेत. पश्चिमेस मुळशी जलाशय व ताम्हिणी घाटाच्या परिसरात विखुरलेली गावे व वाड्या आहेत. तेथे शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील एखादा संगणक अनेक वर्षे वापरात राहतो. तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पौड येथील कार्यालयांपासून महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या घरापर्यंत संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही.

संगणक खरेदी करणारा ग्राहक सर्वसाधारणपणे एकच प्रश्न विचारतो : "आय-फाइव्ह आहे का?" विक्रेता "आहे" असे उत्तर देतो आणि व्यवहार पूर्ण होतो. उत्तर खरे असते, परंतु ते अपुरे असते. 'कोअर आय५' हे नाव २००९ मध्ये बाजारात आले. तेव्हापासून पुढील सुमारे चौदा वर्षांत या एकाच नावाखाली चौदा पिढ्यांचे प्रक्रियक विकले गेले. त्यामुळे 'आय५' एवढ्या माहितीवरून संगणक २०११ चा आहे की २०२३ चा, हे समजू शकत नाही. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले संगणक बदलतात आणि दुरुस्ती करून ते पुन्हा बाजारात येतात. अशा वापरलेल्या संगणकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

२. उद्दिष्टे

१) 'पिढी' या शब्दाचे विविध अर्थ स्पष्ट करणे.
२) प्रक्रियकांच्या नामकरण पद्धतीचा विकास मांडणे.
३) प्रक्रियकाचे पूर्ण नाव वाचण्याची रीत उदाहरणांसह सांगणे.
४) संस्थात्मक संगणक खरेदीच्या दृष्टीने या ज्ञानाचे महत्त्व विशद करणे.

३. 'पिढी' या शब्दाचे तीन अर्थ

शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमात संगणकाच्या पाच पिढ्या शिकविल्या जातात. पहिली पिढी निर्वात नलिकांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी एकात्मिक परिपथांची, चौथी सूक्ष्म प्रक्रियकांची आणि पाचवी कृत्रिम बुद्धिमत्तेची, अशी ही विभागणी आहे. हे ज्ञान घेऊन विद्यार्थी बाजारात जातो तेव्हा त्याला 'बाराव्या पिढीचा लॅपटॉप' असे शब्द ऐकू येतात आणि त्याचा गोंधळ होतो. या दोन पिढ्यांचा परस्परांशी संबंध नाही. अभ्यासक्रमातील पिढी संपूर्ण संगणक तंत्रज्ञानाच्या टप्प्याची आहे, तर बाजारातील पिढी ही एका कंपनीच्या एका उत्पादन मालिकेची आहे. 'बारावी पिढी' म्हणजे इंटेल कंपनीच्या कोअर मालिकेची बारावी आवृत्ती होय. अभ्यासक्रमाच्या भाषेत आजचे बहुतेक सर्व संगणक सूक्ष्म प्रक्रियकांच्या, म्हणजे चौथ्या पिढीतच मोडतात.

बाजारातील पिढीचेही दोन पदर आहेत. एक विक्रीसाठी दिलेला पिढी क्रमांक आणि दुसरा प्रक्रियकाची अंतर्गत रचना. अंतर्गत रचनेस कंपन्या स्वतंत्र सांकेतिक नाव देतात. उदाहरणार्थ, इंटेलच्या दुसऱ्या पिढीचे सांकेतिक नाव 'सँडी ब्रिज' (२०११), चौथ्या पिढीचे 'हॅसवेल' (२०१३), सहाव्या पिढीचे 'स्कायलेक' (२०१५) आणि बाराव्या पिढीचे 'अल्डर लेक' (२०२१) असे आहे. पिढी क्रमांक बदलला म्हणजे रचना बदललीच, असे मात्र नाही. २०२३ च्या अखेरीस आलेले चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रक्रियक हे बव्हंशी तेराव्या पिढीच्या 'रॅप्टर लेक' रचनेचेच सुधारित रूप होते. याउलट सातव्या पिढीकडून आठव्या पिढीकडे जाताना फार मोठा फरक पडला. लॅपटॉपमधील आय७-७५००यू या सातव्या पिढीच्या प्रक्रियकात दोन गाभे होते, तर त्यानंतर वर्षभराने आलेल्या आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार. येथे 'गाभा' म्हणजे स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारा प्रक्रियकाचा घटक, ज्यास बाजारात 'कोअर' म्हणतात. नावाने कनिष्ठ असलेला आय५ हा अशा प्रकारे वरिष्ठ आय७ च्या पुढे गेला.

४. नामकरणाचा इतिहास

४.१ अंकांचा काळ

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये '४००४' हा पहिला व्यापारी सूक्ष्म प्रक्रियक बाजारात आणला. त्यानंतर ८००८ (१९७२), ८०८० (१९७४) आणि ८०८६ (१९७८) हे प्रक्रियक आले. पुढे ८०२८६ (१९८२), ८०३८६ (१९८५) व ८०४८६ (१९८९) ही मालिका निर्माण झाली. बोलीभाषेत त्यांना '२८६', '३८६', '४८६' असे म्हटले जाई. या काळात नाव समजणे सोपे होते. मधला अंक मोठा, तर प्रक्रियक नवा व अधिक सक्षम. दर्जा आणि पिढी या दोन्ही गोष्टी एकाच अंकातून कळत असत.

४.२ अंकाकडून नावाकडे

ही पद्धत बंद पडण्याचे कारण तांत्रिक नव्हते, कायद्याचे होते. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने १९९१ मध्ये 'एएम३८६' हा प्रक्रियक आणला. '३८६' हा अंक ही केवळ इंटेलची व्यापारी मुद्रा आहे, हा दावा अमेरिकेतील न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केला नाही. अंकावर हक्क सांगता येत नाही, हे लक्षात आल्यावर इंटेलने १९९३ मध्ये पाचव्या प्रक्रियकास '५८६' न म्हणता 'पेंटियम' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'पेंटे' म्हणजे पाच. मराठी वाचकास या शब्दातील 'पंच'शी असलेले नाते सहज जाणवेल, कारण हे दोन्ही शब्द एकाच भाषाकुलातील आहेत.

पेंटियमच्या यशानंतर नावच मौल्यवान झाले आणि पुढील प्रक्रियकांना पेंटियम प्रो (१९९५), पेंटियम २ (१९९७), पेंटियम ३ (१९९९) व पेंटियम ४ (२०००) अशी नावे मिळाली. १९९८ मध्ये स्वस्त संगणकांसाठी 'सेलेरॉन' आणि सर्व्हरसाठी 'झिऑन' ही नावे आली. येथून एकाच पिढीत वेगवेगळ्या दर्जाचे प्रक्रियक वेगळ्या नावांनी विकण्याची प्रथा सुरू झाली. दर्जा व पिढी यांची फारकत झाली ती येथे.

४.३ गिगाहर्ट्झचा काळ

या काळात ग्राहक गिगाहर्ट्झ पाहून प्रक्रियकाची तुलना करीत असे. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रक्रियकाच्या घड्याळाचे एका सेकंदातील ठोके अब्जांत मोजण्याचे एकक. परंतु एका ठोक्यात किती काम होते, हे रचनेवर अवलंबून असते. एएमडीने २००१ मध्ये 'ॲथलॉन एक्सपी १८००+' असे नाव दिलेला प्रक्रियक प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झचा होता. नावातील १८०० हा आकडा कामाचा अंदाज देण्यासाठी होता, ठोक्यांचा नव्हता. इंटेलचा लॅपटॉपसाठीचा 'पेंटियम एम' (२००३) हाही कमी गिगाहर्ट्झवर पेंटियम ४ च्या बरोबरीने काम करू लागला. अखेर २००४ मध्ये इंटेलनेही नावात गिगाहर्ट्झऐवजी क्रमांक देण्यास प्रारंभ केला. ठोक्यांच्या आकड्यावरून दोन भिन्न पिढ्यांची तुलना करणे तेव्हापासूनच अयोग्य ठरले आहे. तरीही दरपत्रकात आजही तो आकडा ठळकपणे छापला जातो.

४.४ 'कोअर आय' मालिका

२००६ मध्ये 'कोअर २ ड्युओ' आला. त्यानंतर २००८ मध्ये कोअर आय७, २००९ मध्ये आय५ आणि २०१० मध्ये आय३ बाजारात आले. या पहिल्या पिढीतील क्रमांक तीन अंकी होते. उदाहरणार्थ, आय७-९२० किंवा आय५-६५०. २०११ पासून चार अंकी क्रमांक सुरू झाले आणि पहिला अंक पिढीचा झाला. हीच पद्धत पुढे चौदाव्या पिढीपर्यंत चालली. डिसेंबर २०२३ पासून इंटेलने नव्या प्रक्रियकांसाठी 'कोअर अल्ट्रा' हे नाव स्वीकारले, 'आय' हे अक्षर वगळले आणि पिढीऐवजी 'मालिका' मोजण्यास सुरुवात केली. त्यामुळे चौदावी पिढी ही जुन्या मोजणीतील शेवटची ठरली. २०२३ च्याच सुमारास लॅपटॉपमधील नव्या स्वस्त प्रक्रियकांवरून पेंटियम व सेलेरॉन ही नावेही निवृत्त झाली.

५. नाव वाचण्याची रीत

'इंटेल कोअर आय५-८२५०यू' हे पूर्ण नाव उदाहरणादाखल घेतल्यास त्याचे पुढीलप्रमाणे चार भाग पडतात.

१) कोअर : उत्पादन मालिका.
२) आय५ : त्या पिढीतील दर्जा. आय३ प्राथमिक, आय५ मध्यम, आय७ उच्च व आय९ सर्वोच्च.
३) ८२५० : यातील पहिला अंक ८ म्हणजे आठवी पिढी. उरलेले २५० हे त्या पिढीतील स्थान.
४) यू : उपयोगदर्शक अक्षर. 'यू' म्हणजे कमी वीज वापरणारा लॅपटॉपचा प्रक्रियक. 'एच' म्हणजे अधिक क्षमतेचा लॅपटॉप प्रक्रियक. डेस्कटॉपमध्ये 'टी' कमी विजेचा, 'के' म्हणजे ज्याचा वेग वापरकर्त्यास वाढविता येतो असा आणि 'एफ' म्हणजे ज्यात चित्रदर्शनाचा अंगभूत भाग नाही असा. 'एफ' असलेल्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

'आय५' याचा अर्थ पाच गाभे असा नाही आणि पाचवी पिढी असाही नाही. हे दोन्ही गैरसमज सार्वत्रिक आहेत. शाळेचे उदाहरण घेतल्यास आय३, आय५, आय७ हा विद्यार्थ्याचा वर्गातील क्रमांक आहे. त्याची इयत्ता नव्हे. पाचवीत पहिला आलेला विद्यार्थी आणि दहावीत मध्यम गुण मिळविणारा विद्यार्थी यांच्यापैकी दहावीचे गणित कोण सोडवील, हे केवळ वर्गातील क्रमांकावरून ठरत नाही.

दहाव्या पिढीपासून पिढीचा अंक दोन आकडी झाला आणि वाचनात एक अडचण निर्माण झाली. आय५-१०२१०यू या पाच अंकी क्रमांकातील पहिले दोन अंक १० आहेत, म्हणून ती दहावी पिढी. परंतु आय५-१०३५जी१ व आय५-१२३५यू हे क्रमांक चारच अंकी आहेत. पहिला अंक १ पाहून ती पहिली पिढी समजणे चूक होय. पहिल्या पिढीचे क्रमांक तीन अंकी होते. म्हणून चार किंवा पाच अंकी क्रमांकाची सुरुवात १ ने होत असल्यास पहिले दोन अंक एकत्र वाचावेत. त्यानुसार १०३५ ही दहावी, ११३५ ही अकरावी आणि १२३५ ही बारावी पिढी ठरते.

पुढील जोड्यांवरून दर्जा व पिढी यांतील फरक स्पष्ट होईल.

अ) डेस्कटॉपमधील आय५-७४०० (सातवी पिढी) : चार गाभे. आय३-८१०० (आठवी पिढी) : चार गाभे. म्हणजे एका वर्षात पूर्वीचा आय५ हा नव्या आय३ च्या पातळीवर आला.
आ) आय७-२६०० (दुसरी पिढी, २०११) : चार गाभे, आठ कार्यधागे. आय३-१२१०० (बारावी पिढी, २०२२) : चार गाभे, आठ कार्यधागे. संख्या समान असूनही अकरा वर्षांच्या रचनासुधारणेमुळे दुसरा प्रक्रियक पुष्कळ वेगवान आहे.
इ) आय७-४६००यू (चौथी पिढी) : दोन गाभे. आय३-१२१५यू (बारावी पिढी) : सहा गाभे, त्यांपैकी दोन पूर्ण क्षमतेचे व चार कमी वीज वापरणारे.

६. एएमडीची पद्धत व तिचे अपवाद

एएमडी कंपनीने २०१७ मध्ये 'रायझेन' मालिका आणली. रायझेन ३, ५, ७ व ९ हे दर्जे इंटेलच्या आय३ ते आय९ या दर्जांशी समांतर ठेवण्यात आले. अंतर्गत रचनेचे नाव 'झेन' असून तिच्या झेन, झेन+, झेन २, झेन ३, झेन ४ अशा आवृत्त्या निघाल्या. मात्र क्रमांकाचा पहिला अंक आणि झेनची आवृत्ती यांचा मेळ नेहमी बसत नाही. लॅपटॉपच्या ५००० मालिकेत रायझेन ५ ५५००यू हा झेन २ रचनेचा आहे, तर रायझेन ५ ५६००यू हा झेन ३ रचनेचा. शंभराच्या फरकाने पूर्ण रचनाच बदलते.

२०२३ च्या लॅपटॉप प्रक्रियकांसाठी एएमडीने नवी रीत घालून दिली. तीत पहिला अंक वर्षाचा, दुसरा दर्जाचा आणि तिसरा अंक रचनेचा मानला गेला. त्यानुसार रायझेन ५ ७५२०यू मधील तिसरा अंक २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधील ३ म्हणजे झेन ३ आणि ७५४०यू मधील ४ म्हणजे झेन ४. हे तिन्ही 'रायझेन ५, ७००० मालिका' या एकाच शीर्षकाखाली विकले गेले. त्यांपैकी पहिल्याची झेन २ ही रचना मूळची २०१९ ची आहे. ग्राहकाने केवळ पहिला अंक पाहिला, तर तिन्ही त्याला सारखेच नवे वाटतील. कंपनीने रीत जाहीर केली होती हे खरे; परंतु तिसऱ्या अंकाकडे पाहावयाचे असते, हे ग्राहकास कोणी सांगावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

७. पुण्यातील उदाहरण : 'परम' मालिका

नाव तेच आणि आतील प्रक्रियक वेगळा, याचे बोधप्रद उदाहरण मुळशीच्या शेजारीच, पुणे शहरात उपलब्ध आहे. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे 'टी८००' हे ट्रान्सप्युटर वापरले होते. त्यानंतर 'परम ८६००' मध्ये इंटेलचा आय८६० प्रक्रियक आला. येथील 'आय' या अक्षराचा आजच्या आय५ शी काहीही संबंध नाही. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रक्रियक होते, 'परम पद्म' मध्ये आयबीएमचे पॉवर४, तर २००८ च्या 'परम युवा' मध्ये इंटेलचे झिऑन. म्हणजे 'परम' हे कुलनाम कायम राहिले आणि अंतरंग चार निरनिराळ्या कंपन्यांच्या रचनांमधून प्रवास करीत गेले. 'परम' एवढेच सांगणारा मनुष्य महासंगणकाविषयी फारसे काहीच सांगत नाही. पुढील अंक किंवा नाव आवश्यक असते.

२०१३ च्या 'परम युवा २' मध्ये झिऑन ई५-२६७० हा प्रक्रियक वापरण्यात आला. या क्रमांकाचा पुढील इतिहासही उद्बोधक आहे. झिऑन मालिकेत काही वर्षे मूळ क्रमांक तोच ठेवून अखेरीस 'व्ही२', 'व्ही३', 'व्ही४' अशी पिढी लिहिली जात असे. ई५-२६७० मध्ये आठ गाभे, ई५-२६७० व्ही२ मध्ये दहा आणि ई५-२६७० व्ही३ मध्ये बारा. शेवटची दोन अक्षरे गाळली, तर तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाच्या होतात. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'प्रत्यूष' या महासंगणकातील प्रक्रियक ई५-२६९५ व्ही४ असा पूर्ण नावाने नोंदविला जातो, तो याचसाठी. कोट्यवधी रुपयांच्या खरेदीत पाळली जाणारी ही काटेकोर रीत काही हजारांच्या खरेदीतही पाळता येण्यासारखी आहे.

८. पिढी न विचारल्याचे परिणाम

८.१ सुरक्षा व कार्यप्रणाली

अनेक वर्षे पिढी हा केवळ वेगाचा प्रश्न होता. २०२१ नंतर तो संगणकाच्या आयुष्याचा प्रश्न झाला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ ही कार्यप्रणाली आणताना मान्य प्रक्रियकांची यादी जाहीर केली. इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचेच प्रक्रियक या यादीत आहेत. एएमडीच्या २०१७ मधील पहिल्या रायझेन मालिकेसही सर्वसाधारणपणे तीत स्थान मिळाले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर करण्यात आली.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, आय७-७७०० असलेला दमदार डेस्कटॉप सातव्या पिढीचा असल्याने या यादीत बसत नाही, तर त्याहून पुष्कळ मंद असा सेलेरॉन एन४०२० यादीत बसतो. दर्जाने उच्च असलेला प्रक्रियक अपात्र आणि प्राथमिक दर्जाचा पात्र, ही विसंगती केवळ 'आय७' हे नाव पाहणाऱ्यास कधीच उमगणार नाही. बँकेचे व्यवहार, विद्यार्थ्यांची माहिती किंवा गावाचे दाखले ज्या संगणकावर हाताळले जातात, त्यावर सुरक्षा दुरुस्त्या येणे बंद होणे ही गंभीर बाब आहे.

असे संगणक तत्काळ भंगारात काढावेत, असा याचा अर्थ नाही. लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली जुन्या प्रक्रियकांवर चालू शकतात. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना आधार देणारी कार्यप्रणालीही याच प्रकारातील आहे. मात्र कार्यालयाला लागणारी विशिष्ट आज्ञावली, मुद्रक व डिजिटल स्वाक्षरीचे साधन त्यावर चालते किंवा नाही, याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

८.२ किमान दराचा नियम आणि जुना प्रक्रियक

संस्थात्मक खरेदीत दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि विनिर्देश पूर्ण करणाऱ्यांपैकी किमान दर देणाऱ्याची निवड होते. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. परंतु विनिर्देशात केवळ 'कोअर आय५, ८ जीबी' एवढेच लिहिले, तर तिसऱ्या पिढीचा आय५ व बाराव्या पिढीचा आय५ हे दोन्ही कागदोपत्री समान ठरतात. किंमत कमी असल्याने जुन्या पिढीचा संगणक देणारा पुरवठादार पहिला येतो आणि नव्या पिढीचा संगणक प्रामाणिकपणे देऊ करणारा बाद होतो. यात कोणीही नियम मोडलेला नसतो. अपुऱ्या शब्दांमुळे नियमच जुन्या वस्तूची निवड करतो. गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस अर्थात 'जेम' या २०१६ पासूनच्या शासकीय खरेदी व्यवस्थेतही विनिर्देश ठरविण्याची जबाबदारी अखेर खरेदीदारावरच असते.

हीच त्रुटी पुढे जडसंग्रह नोंदवहीत उतरते. 'संगणक संच, आय५, नग १०' अशी नोंद असल्यास काही वर्षांनंतर त्यांतील कोणते संच सुधारणायोग्य आणि कोणते निर्लेखनास पात्र, हे वहीवरून सांगता येत नाही. प्रत्येक संच उघडून पाहावा लागतो.

९. उपाययोजना

१) दरपत्रक मागविताना किमान पिढी लिहावी. उदाहरणार्थ, 'इंटेल कोअर आय३, बारावी पिढी किंवा त्यानंतरची, अथवा समकक्ष एएमडी रायझेन, झेन ३ किंवा त्यानंतरची रचना'. कार्यालयीन कामासाठी नव्या पिढीचा आय३ हा जुन्या पिढीच्या आय७ पेक्षा बहुधा अधिक उपयुक्त ठरतो.
२) पुरवठादाराने दरपत्रकात व बिलात प्रक्रियकाचे अक्षरासह पूर्ण नाव लिहिणे बंधनकारक करावे.
३) संगणक ताब्यात घेताना बाहेरील चिकटपट्टीवर विसंबू नये. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाऊट' या क्रमाने गेल्यास प्रक्रियकाचे पूर्ण नाव दिसते. ते बिलाशी ताडून पाहावे.
४) पूर्ण नावावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर गाभ्यांची संख्या व बाजारात आल्याचे वर्ष तपासावे. 'कोअर अल्ट्रा'सारख्या नव्या नावांच्या बाबतीत हाच मार्ग सर्वांत भरवशाचा आहे.
५) जडसंग्रह नोंदवहीत प्रक्रियकाचे पूर्ण नाव व वर्ष नोंदवावे.
६) प्रक्रियकाबरोबर स्मृती व साठवण यांचाही विचार व्हावा. नव्या प्रक्रियकास फिरत्या तबकडीची जुनी साठवण जोडल्यास संगणक मंदच भासतो, तर काही जुन्या संगणकांना एसएसडी बसविल्याने त्यांचे काम लक्षणीय सुधारते.
७) संगणकाच्या पाच पिढ्या शिकवितानाच प्रक्रियकाचे नाव वाचण्याचा एक तास प्रात्यक्षिकात समाविष्ट करावा. प्रयोगशाळेतील संगणकांचीच यादी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास शिक्षण व नोंदवही दोन्ही पूर्ण होतील.

१०. निष्कर्ष

प्रक्रियकाचे नाव हे आरंभी वस्तूचे वर्णन होते. व्यापारी मुद्रेच्या गरजेतून ते विक्रीचे साधन झाले आणि वर्णनाचा भाग मागील अंक व अक्षरांत ढकलला गेला. म्हणून ठळक छापलेला भाग दर्जा सांगतो आणि बारीक छापलेला भाग पिढी सांगतो. खरेदीदाराने दोन्ही वाचणे आवश्यक आहे. इंटेल, एएमडी व झिऑन यांच्या पद्धती भिन्न आहेत व त्या वारंवार बदलतात. त्यामुळे सर्व नियम पाठ करणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. पूर्ण नाव मागणे व ते लिहून ठेवणे ही एकच सवय सर्व पद्धतींना पुरून उरते.

मुळशीसारख्या तालुक्यात एखाद्या कुटुंबाने मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेले पैसे किंवा ग्रामपंचायतीचा मर्यादित निधी संगणकावर खर्च होतो, तेव्हा ती खरेदी पुन्हा लवकर होणारी नसते. "आय-फाइव्ह आहे का?" या प्रश्नाला "पूर्ण क्रमांक काय?" या दुसऱ्या प्रश्नाची जोड दिल्यास तो खर्च सार्थकी लागण्याची शक्यता निश्चितच वाढेल.